सही करण्याआधी मशीन बंद करून दाखवायला सांग

ये, बैस जरा इकडे. सोमवारपासून कारखान्यात कामाला जाणार म्हणतेस, तर काही गोष्टी आत्ताच कानावर घालते. आईसमोर नको, ती उगाच धास्तावेल.

पहिल्या दिवशी काय होतं ते मला पाठ आहे. एप्रन देतात, भिंतीवरची पाटी दाखवतात, कुणीतरी अर्धा तास बोलतं आणि मग एक रजिस्टर पुढे सरकतं: सुरक्षा प्रशिक्षण घेतलं, इथे सही करा. झालं ट्रेनिंग. उद्या काही कमीजास्त झालं तर ती सही त्यांच्या कामाची. तू भांडू नकोस, सहीही कर, पण पेन हातात घ्यायच्या आधी मेस्त्रीला म्हण, "अण्णा, मला बसवणार आहात ते मशीन एकदा बंद करून दाखवा." चालू कसं करायचं ते सगळेच हौसेनं दाखवतात.

बंद करून बघितलंस की कळेल, लाल बटण दाबल्यावर आवाज बदलतो, पण चाक काही लगेच थांबत नाही. प्रेसवर टाकलं तर हे फार लक्षात ठेव. भांड्यांच्या कारखान्यांत, छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या पिन क्लचच्या प्रेस अजून असतात. त्यात एकदा पायडल दाबलं की स्ट्रोक मधेच थांबवता येत नाही; पंच खाली येऊन वर जाणार म्हणजे जाणारच. आणि आतली पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पाय उचललेला असतानाही तो दुसऱ्यांदा खाली येतो. डबल स्ट्रोक म्हणतात त्याला. बोटं जातात ती बहुतेक अशा वेळी, कारण बाई तोवर तयार झालेला नग काढायला हात आत घालते. म्हणून डायमध्ये हात घालायचाच नाही. चिमटा माग, लोहचुंबकाची काठी माग. नसेल म्हणाले तर आणून द्या म्हण.

नव्या प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. का, तर दोन्ही हात तिथे अडकले की डायमध्ये एकही राहत नाही. पण टार्गेट गाठायच्या नादात कुणी एक बटण टेपनं चिकटवून ठेवतं, कुणी फटीत नाणं खुपसतं. असं बटण दिसलं तर त्या स्टुलावर बसू नकोस. टार्गेट गेलं खड्ड्यात. 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांबरोबर काम करते. त्यांच्या 'क्रश्ड' अहवालांत वर्षानुवर्षं अपघातांत प्रेसच पुढे आहे. पुण्याजवळच्या चाकणला काय नि आपल्या कुंभकोणमला काय, प्रेस तीच.

तुला बहुधा पॉलिशला घेतील, बायकांना तिथेच घेतात. आता एक ऐक, तुला उलटंच वाटेल. फिरत्या बफपाशी सैल हातमोजा घालायचा नाही. चाक मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. मोज्याचा एक धागा धरला की मागोमाग हात. कुणी कळवळ्यानं मोजे दिले तर ते भट्टीपाशी, धारदार पत्रा उचलताना घाल. तांब्या, दिवा, जे काय हातात असेल ते चाकाच्या मध्यरेषेच्या खाली धरायचं. म्हणजे निसटलं तर खाली, तुझ्यापासून लांब जातं. वरच्या बाजूला टेकवलंस तर चाक कड पकडतं आणि भांडं तोंडावर फेकतं. हे मला कुणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही, शेजारी बसणाऱ्या एका वयस्क बाईनं सांगितलं. तिच्यासारखी एक शोधून ठेव. डबा तिच्याबरोबर खा.

ओढणी नको. पदर तर नकोच. वेणी वर बांधून टोपीत घाल आणि गजरा घरी ठेव. हो, मला माहीत आहे, इथे गजरा नसला की बायका दहा प्रश्न विचारतात. विचारू देत. आणि चालू मशीन पुसायला, तेल घालायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हण. बायकांना ते काम देऊ नये असं 1948 च्या कारखाने कायद्यातच होतं. आता त्याची जागा कामाच्या सुरक्षेच्या नव्या संहितेनं घेतली, 21 नोव्हेंबर 2025 पासून. तिच्यात कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं असं आहे, तेवढं मात्र मागून घे. 'बघू पुढच्या महिन्यात' ऐकू नकोस.

आपल्याकडे नाचियारकोविलचे पितळी दिवे म्हणजे अभिमान, जीआय टॅग वगैरे मिळालेला. पण ओतकामाच्या शेडपाशी गेलीस तर लांबच उभी राहा. साच्यात, मुशीत किंवा भट्टीत टाकायच्या मोडीत थोडं जरी पाणी राहिलं, तर वितळलेल्या धातूखाली त्याची क्षणात वाफ होते आणि पितळ कारंज्यासारखं उडतं. तिथे नायलॉनची साडी अंगाला वितळून चिकटते, म्हणून सुतीच. पितळात जस्त असतं, त्याचा पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी उतरतो. लोक म्हणतात केळं खा, दूध पी. खा की, पण त्यानं धूर छातीतून निघत नाही. पंखा धूर बाहेर ओढतो की शेडमध्येच फिरवतो, ते बघ.

दाराचं सांगायचं राहिलं. 16 जुलै 2004, तू लहान होतीस. कुंभकोणमच्या शाळेतल्या स्वयंपाकघराची आग झावळ्यांच्या छताला लागली आणि 94 मुलं गेली. वाट अरुंद होती, मुलं वरच अडकली. आपल्या साक्कोट्टैच्या घराघरातून लोक तिकडे धावले होते. तेव्हापासून मी कुठल्याही शेडमध्ये शिरले की आधी दुसरं दार शोधते. पुण्याजवळ मुळशीतल्या उरवड्याला 7 जून 2021 ला रसायनांच्या कारखान्यात आग लागली, तिथेही मेल्या त्या बहुतेक आपल्यासारख्याच पॅकिंगवरच्या बायका. तू पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या दारापर्यंत चालून ये. ढकलून बघ. कडीला कुलूप असेल, खोक्यांचा ढीग असेल तर कुणाला तरी सांग. एकटीनं नको, दोघी-तिघी मिळून. आणि आग लागलीच तर मोबाईल, डबा, पगाराची पर्स, काही घ्यायला मागे फिरायचं नाही.

तुझ्या ओळीत बिहारची, ओडिशाची पोरं असतील. पाट्या सगळ्या तमिळमध्ये, त्यांना ओ की ठो कळत नाही. मेस्त्री 'निरुत्तु', म्हणजे 'थांबव', असं ओरडला तरी ती पोरं बघतच राहतात. तुला घरची मराठी, बाहेरची तमिळ आणि सिनेमाची हिंदी येते. 'रुको' नि 'बंद करो' हे दोन शब्द लाईनवर सगळ्यांना माहीत असू देत. त्यांचा हात वाचला तर वाचला, आणि तुझ्या मशीनचा स्विच ती चुकून चालू करणार नाहीत हा फायदा तुझाच. तू डाय साफ करत असशील तेव्हा मेन स्विच पाडून त्यावर कुलूप घालायचं नि किल्ली स्वतःच्या खिशात. नुसतं 'मी आत आहे हं' सांगून भागत नाही. शिफ्ट बदलते, सांगितलेला माणूस चहाला जातो.

पगारातून ईएसआयचा विमा कापतात का, ते पहिल्या पगाराची वाट न बघता विचार. जखमी झालेल्या कितीतरी जणांना त्यांचं ईएसआय कार्ड अपघात झाल्यावर मिळालं, असं त्या 'क्रश्ड' अहवालांत आहे. कामावर जायबंदी झालं तर रजेच्या दिवसांचा जवळपास नव्वद टक्के पगार ईएसआय देतं आणि त्यासाठी आधी अमुक महिने भरलेले असावेत अशी अट नाही. घरातून कामावर जाताना बसमधून पडलीस तरी बहुतेक वेळा ते त्यात धरतात. पण कागद हवा. बारीकशी जखम असली तरी अपघात रजिस्टरात लिहायला लाव. 'हळद लाव नि घरी जा' यावर भागवू नकोस. जखम चिघळली तर मग ती कुठे झाली हे सिद्ध करत बसावं लागतं.

उद्या दुकान उघडलं की दोन सुती चुडीदार शिवायला टाकू, बाही घट्ट आणि ओढणीशिवाय. ईएसआयचा नंबर आला की मला व्हॉट्सॲप कर. आणि पहिल्या आठवड्यात कुणी 'डबल ड्युटी कर' म्हटलं तर सांग, अक्का न्यायला येते.