प्रमाणपत्र फाइलला लाव, आणि वही काढ

अगं, एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराच्या, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं ना, लाव फाइलला. आता ते व्याख्यान ऐकून वर्गातली निम्मी पोरं तुला 'तसलीच' वाटायला लागली असतील. होतं तसं सगळ्यांचं. म्हणून आधी हे डोक्यात पक्कं बसव की निदान आपण करायचं नाही. ते बालरोगतज्ज्ञाचं नाहीतर मानसोपचारतज्ज्ञाचं काम, आणि त्यांनाही ते घाईने करता येत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर, शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत.

आता शाळेत काय दिसतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार? दवाखान्यात तेवढ्या वेळापुरतं पोर शहाण्यासारखं बसतं. तिथे तुझी वही कामाला येते. 'फार वांड आहे' असलं काही लिहू नकोस. 'गणिताच्या तासाला तीनदा जागेवरून उठला, फळ्यावरचं अर्धंच उतरवलं, गृहपाठ केला होता पण वही घरी राहिली' असं लिही. आणि मुलींकडे मुद्दाम बघ. खिडकीबाहेर नजर लावून बसलेली, कुणाला त्रास न देणारी मुलगी आपल्या लक्षातच येत नाही. 'धांदरट आहे मेली' म्हणून आपण मोकळ्या होतो!

पण हे एकटीच्या बळावर रेटू नकोस, थकशील. दर महिन्याला आपल्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद भरते ना? परिपत्रकं वाचण्यातच तिचा वेळ जातो, ठाऊक आहे मला. तरी केंद्रप्रमुखांकडे अर्धा तास माग. नाव न सांगता एकाच मुलाची हकिकत मांड. तालुक्याला समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही बोलावून घे. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशीही बोल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे, आणि पथकाला मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवता येतं. आपण तोंड उघडलं नाही, तर ते उंची-वजन-दात बघून निघून जाणार.

एकेका मुलावर बोलत शिकायचं, हे काही माझं खूळ नाही हं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी हेच केलं. गावातले डॉक्टर आणि विद्यापीठातले तज्ज्ञ व्हिडिओवर नेमाने भेटायचे, एकेका रुग्णाची चर्चा करायचे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही ही पद्धत मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी वापरली. दोन दिवसांच्या भाषणांपेक्षा मला तीच खरी वाटते.

आणि एक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर पालकांपुढे त्यावर मत देऊ नकोस, ना बाजूने ना विरोधात. गोळी सुरू झाल्यावर वर्गात काय बदललं, तेवढं टिपून त्यांच्या हाती दे. पुढच्या परिषदेआधी वहीची दोन पानं मला पाठव, बघते मी.