एक लिटर पाणी, एक पाकीट : नर्सिंगला जाणाऱ्या मुलींसाठी रसायनशास्त्राचा पहिला धडा

पावसाळा लागला की गिरणेचे पाणी गढूळ होते आणि आपल्या वस्त्यांत जुलाब-उलट्या सुरू होतात. दवाखान्यातून किंवा आशाताईकडून ओआरएसचे पाकीट घरी येते. मग कित्येक घरांत काय होते? पाकीट फोडून दोन चमचे पावडर पेलाभर पाण्यात टाकतात आणि उरलेली घडी घालून डब्यामागे ठेवतात. बाळाला चव आवडत नाही म्हणून वरून आणखी साखर घालतात. आई हे सगळे मायेने करते, पण त्या पेल्यात आता ओआरएस राहिलेले नसते.

ते का, हे कळायला थोडे रसायनशास्त्र लागते. कळवण परिसरातल्या आपल्या ज्या मुली बारावी कला शाखेतून करून एएनएम किंवा जीएनएमला जातात आणि ‘रसायन’ हा शब्द ऐकूनच घाबरतात, त्यांच्यासाठी हा धडा आहे. वाचताना आईलाही शेजारी बसवा.

सुरुवात कांद्यापासून करू, तो आपल्याकडे भरपूर. कोशिंबिरीसाठी कांदा चिरा, मीठ टाका आणि दहा मिनिटांनी पाहा. वाटीत पाणी सुटलेले दिसेल. हे पाणी मिठाचे नव्हे, कांद्याच्या पेशींतून बाहेर आलेले. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी आरपार जाऊ शकते आणि ते पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे ओढले जाते. याला परासरण म्हणतात. उलटे पाहायचे असेल तर मनुका साध्या पाण्यात भिजवा. पाणी आत शिरते आणि त्या फुगतात.

आतड्यातही पाण्याची अशीच ओढ चालते. एक लिटर रक्तात विरघळलेल्या कणांचे माप साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल असते. नीट बनवलेल्या ओआरएसचे माप २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडे पातळ. त्यामुळे पाणी आतड्यातून शरीरात जाते. तेच पाकीट निम्म्या पाण्यात घातले तर माप ४९० होते. आता बाळाच्या आतड्याची गत त्या मीठ लावलेल्या कांद्यासारखी होते. शरीरातले पाणी उलट आतड्यात येते, जुलाब वाढतात आणि रक्तातले मीठही वाढू शकते.

आता मोल. मुली इथेच अडतात, पण डझन कळला की मोल कळतो. डझनभर केळी आणि डझनभर बोरे यांचे वजन वेगळे, संख्या मात्र बाराच. मोल ही अशीच एक ठरलेली, फार मोठी संख्या आहे. ग्लुकोजच्या एका मोलचे वजन १८० ग्रॅम, मिठाच्या ५८.५ ग्रॅम. मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल.

पाकिटामागचा मजकूर वाचा. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड २.६, पोटॅशिअम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. १३.५ ला १८० ने भागले की ग्लुकोज ७५ मिलिमोल. मिठातून सोडिअमचे सुमारे ४५ आणि सायट्रेटमधून सुमारे ३०, मिळून सोडिअमही ७५. हा योगायोग नाही. आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे की त्यातून सोडिअम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडी १९६० साली मांडली. पटकीसारख्या जुलाबातही हे दार चालू राहते, हे आपले नशीब. नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून काम होत नाही ते यामुळेच. सायट्रेटचे आणखी एक काम आहे. जुलाबातून बायकार्बोनेट निघून जाते आणि रक्त आम्लाकडे झुकते. शरीरात सायट्रेटपासून पुन्हा बायकार्बोनेट बनते आणि तोल सावरतो.

या गणिताची परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेश मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण बनवून घेतले आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आले. पाजणाऱ्यांत आया होत्या, भाऊ होते. बहुतेकांना रसायनशास्त्राचा गंधही नव्हता. मोजून बनवलेले द्रावण मात्र त्यांच्या हाती होते. महालनबिस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. फारच उशीर झाला, असे मला वाटते.

मुलींनो, आता वॉर्डातली एक गोष्ट, ही वहीत लाल शाईने लिहा. पाकिटात पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम असते, म्हणजे २० मिलिमोल. वॉर्डाच्या कपाटात १५ टक्क्यांची, १० मिलीची पोटॅशिअम क्लोराइडची कुपी असते. तिच्यातही नेमके तेवढेच, १.५ ग्रॅम. एक लिटर पाण्यातून घोटघोट प्यायले तर हे औषध. तीच कुपी न मिसळता थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडते. पदार्थ तोच, वजन तेच; फरक किती पाण्यात आणि किती वेळात दिले एवढाच. म्हणून ही कुपी डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय हातात घ्यायची नाही, आणि घेतली तरी नाव आणि टक्केवारी दोघींनी मोठ्याने वाचायची.

पुन्हा घरी येऊ. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते पाहा. मोठे एक लिटरचे असते, लहान २०० मिलीचे. पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात एकदमच टाका. पाणी आधी उकळून गार केलेले असावे, मिसळल्यावर उकळू नका. दूध, चहा किंवा थंड पेय यांत घालू नका. २४ तासांनी उरलेले फेकून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू. अंगावरचे दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. त्यात पोटॅशिअम नसते, म्हणून हे पाकीट मिळेपर्यंतच. चमचा शिगोशीग भरू नका.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी हळू परत गेली, बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी प्रयोग करत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा.

दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ असे छापलेले असायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना साखरेचा आकडा वाचा. लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज हे माप आता तुम्हाला माहीत आहे.

घरचा अभ्यास : २०० मिलीच्या पेयात २० ग्रॅम साखर असेल तर एका लिटरला किती होईल? ओआरएसमधल्या ग्लुकोजच्या किती पट? उत्तर काढून आईला दाखवा.