फवारणी पंपाच्या दुरुस्तीसाठी सोल्डरिंग आयर्न कसे निवडावे?

बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, झटका मशीन, सौर कंदील ही साधने आता अनेक शेतांवर दिसतात. त्यांतील पुष्कळसे बिघाड किरकोळ असतात. वायर तुटते किंवा डाग सुटतो. परंतु ऐन फवारणीत पंप तालुक्याच्या गावी दुरुस्तीला गेला की दोन-तीन दिवस मोडतात आणि किडीला मोकळे रान मिळते. डाग घरी देता आला तर हा खोळंबा टळतो. मात्र आयर्न चुकीचे असेल तर तुटक्या वायरीपायी सबंध कार्ड वाया जाते.

आयर्न घेताना बरेच जण जास्त वॅटचे मागतात. कार्डावरील तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असून ती फायबरवर केवळ चिकटवलेली असते. जादा उष्णतेने ती सुटून वर येते. म्हणून कार्डाच्या कामास २५ वॅटचे आयर्न घ्यावे. बॅटरीच्या जाड वायरीस मात्र ते अपुरे पडते, कारण जाड तांबे उष्णता ओढून नेते. तेथे ६० वॅटचे वापरावे.

आपल्याकडील कमी दाबाच्या विजेचाही विचार करावा. २३० व्होल्टवर २५ वॅट देणारे आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅट देते. अशा वेळी डाग वरून लागल्यासारखा दिसतो, पण आत पकडत नाही आणि पंप पाठीवर घेताच हादऱ्याने सुटतो. दाब पुरेसा असेल तेव्हाच हे काम करावे.

खरी निवड बिटाची. सुईसारखे टोकदार बिट बारीक कामाला योग्य वाटते, परंतु त्याचे टोक फार थोड्या जागी टेकते. उष्णता उतरत नाही, मग आपण ते जास्त वेळ धरून ठेवतो आणि पट्टी उखडते. छिन्नीसारखे चपटे, २ ते ३ मिलिमीटर रुंद बिट दोन-तीन सेकंदांत काम उरकते.

साधे तांब्याचे बिट स्वस्त असते, पण कथिलात हळूहळू विरघळून त्याला खड्डे पडतात. ते कानशीने घासून पुन्हा कथील चढवता येते. लोखंडाचा मुलामा दिलेले बिट महाग, पण बराच काळ टिकते. दुकानात लोहचुंबक लावून पाहावे. मुलाम्याचे बिट चिकटते, तांब्याचे नाही. मुलाम्याच्या बिटाला कानस कधीही लावू नये, ओल्या स्पंजावर पुसावे. काम संपल्यावर टोकावर थोडे कथील राहू द्यावे.

सोल्डर वायर ६०/४० प्रतीची, आत राळ असलेली घ्यावी. पत्र्याच्या डब्यांना डाग देणाऱ्याकडील तेजाब येथे चालत नाही. काही दिवसांतच वायर हिरवी पडून कुजते. बिट वायर व पट्टी या दोहोंना एकदम टेकवावे आणि सोल्डर बिटावर न लावता सांध्यावर लावावे. थंड होईपर्यंत सांधा हलवू नये. चकचकीत डाग चांगला. मळकट, गोळा झालेला डाग पुन्हा द्यावा.

पंप उघडण्यापूर्वी टाकी रिकामी करून धुवावी व बॅटरीची वायर काढावी. सोल्डरमध्ये शिसे असते, तेव्हा काम उघड्या हवेत करावे आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू किंवा भाकरीला हात लावू नये. मोटारीच्या थ्री फेज स्टार्टरची पेटी मात्र स्वतः उघडू नये, ते काम वायरमनचे.