जिप्सीचा टाय रॉड आणि नऊ सेंटिमीटर

‘जिप्सी आहे ना, मग कुठल्याही सालाचं सामान बसतं,’ असं छातीठोकपणे सांगणारा मिस्त्री भेटला तर किल्ली परत मागा आणि निघा. हे रागात लिहितोय. राग शांत झाल्यावर लिहिलं असतं तर जरा सभ्य झालं असतं, इतकंच.

माझी जिप्सी किंग, तेराशे सीसी, लष्कराच्या लिलावातून हात बदलत माझ्याकडे आलेली. टाय रॉड वाकला होता, दोन्ही एंड खिळखिळे झाले होते, म्हणून अख्खा सेट बदलायला दिला. नवा सेट बसला, बिल चुकतं केलं, आणि ताम्हिणीच्या उतारावर चाक खड्ड्यातून वर आलं की स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. गाडी परत नेली. गॅरेजचे मालक म्हणाले, ‘घाटात आपटली असणार तुम्ही.’ पुन्हा नेली तर म्हणाले, ‘स्टिअरिंग डॅम्पर बदला, जाईल.’ त्यानंतर, ‘जिप्सीचा स्वभावच आहे तो, साहेब.’ रॉड बदलायच्या आधी हा स्वभाव कुठे होता, असं विचारल्यावर त्यांना अचानक फोन आला.

शेवटी दुसऱ्याच ठिकाणी अलाइनमेंटला गेलो. तिथला पोरगा गाडीखाली गेला आणि आतूनच विचारलं, ‘काका, हा रॉड वेल्ड कुठे केलाय?’ मी म्हटलं, नवा आहे रे. ‘हात लावून बघा.’ ताज्या काळ्या रंगाखाली अंगठ्याला वेल्डिंगचा उंचवटा लागला. थोड्या अंतरावर दुसरा. मध्ये पाइपचा एक तुकडा घुसवलेला. टेप लावली, साडेआठ सेंटिमीटर. उरलेली कसर दोन्ही एंड बाहेर काढून भागवली होती. आत जेमतेम काही आटे धरून राहिले होते, आणि ते चेकनटच्या भरवशावर.

तिथेच डोक्यात प्रकाश पडला. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या एमजी ४१० जिप्सीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर होतं १२१० मिलिमीटर. १९९३ मध्ये वाइड ट्रॅक आली, एमजी ४१० डब्ल्यू, तिचं १३००. फरक नव्वद मिलिमीटरचा. अरुंद आणि उंच गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून चाकं बाहेर नेली, अॅक्सल रुंद केला, त्याबरोबर टाय रॉड लांबला. गॅरेजवाल्याला बाजारातून मिळाला होता जुन्या, अरुंद गाडीचा रॉड. तो परत करायचे कष्ट कोण घेणार? कापला, तुकडा जोडला, रंग मारला. माझ्या जिवाची किंमत एका रंगाच्या डब्याएवढी.

सामानाच्या दुकानात जो प्रश्न विचारतात, तोच मुळात निरुपयोगी आहे. काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘हजार की तेराशे?’ पण तेराशे सीसीची किंग आली १९९६ मध्ये. १९९३ ते १९९६ मधल्या वाइड ट्रॅक गाड्यांत इंजिन जुनंच, ९७० सीसीचं. म्हणजे ‘हजार’ म्हणालात तर लांब रॉडही लागू शकतो आणि आखूडही. विचारायला हवं ते अॅक्सलबद्दल.

आरसीवरही विसंबू नका. लष्करातून निघालेल्या गाडीची नागरी नोंदणी फार उशिरा झालेली असते. नोंदणीची तारीख आणि बनल्याचं साल वेगळं. वर या गाड्यांचे अॅक्सल, बॉडी, इंजिन इकडचं तिकडे झालेलं असतं. मडगार्डवर बाहेर आलेली पट्टी दिसली की वाइड ट्रॅक, अशी सोपी खूण सांगतात, पण पट्टी बॉडीवर असते, रॉड अॅक्सलवर. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावाल तर तीही फसवते, कारण बाहेरचे अलॉय व्हील ऑफसेट बदलतात. दोन बाजूंच्या किंगपिनमधलं अंतर मोजा. नाहीतर जुना रॉड स्वतः दुकानात न्या आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून बघा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

एंड बसवतानाही डोकं आत घालून बघा. त्याचा निमुळता स्टड नकलच्या भोकात कोरडाच घालून हलवायचा. डुगडुगला तर टेपर जुळत नाही. नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक नटच्या खाचांच्या वर गेलेलं दिसलं, तर स्टड जास्त खोल बसलाय. तो एंड तुमचा नाही. पिन जात नसेल तर नट किंचित पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही. आणि दोन्ही बाजूंचे आटे किती आत गेलेत ते सारखे आहेत का, एवढं तरी तपासाच.

टाय रॉड कधीही वेल्ड करू देऊ नका. प्रत्येक खड्ड्यात त्याला ढकल आणि ओढ दोन्ही बसते, आणि वेल्डच्या शेजारचं तापलेलं लोखंड तिथेच तडकतं. तो तुटला की ड्रॅग लिंक एकाच चाकाला सांभाळते, दुसरं वाट फुटेल तिकडे. डॅम्परने थडथड झाकली जाते, कारण तसंच राहतं. ज्याला गाडी खरंच बघायची असते तो आधी किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग, रॉडचे एंड बघतो आणि डॅम्परचं नाव शेवटी काढतो.

बाकी पक्कं बिल घ्या, काढलेलं जुनं सामान मागून घ्या, चांगला मिस्त्री जपा, वगैरे नेहमीचं. जिम्नीवाल्यांनीही हसू नये. तिलाही पुढे सलग अॅक्सलच आहे आणि स्टिअरिंग डॅम्परही.

तो रॉड मी गॅरेजच्या टेबलावर नेऊन ठेवला. मालकांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘वेल्डिंग तर मजबूत आहे की.’ खूप वाद झाल्यावर मजुरी परत दिली. रॉडचे पैसे मात्र ‘दुकानदाराने घेतलेत’ म्हणून अजून अडकलेत.