नवा लॅपटॉप घ्यावा, कीं जुनाच राखावा?

विद्येचीं साधनें काळानुसार पालटत आलीं आहेत. धूळपाटी गेली, दगडी पाटी आली; बोरू गेला, टांक आला; टांकामागून झरणी आली; आणि आज पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गांवींही विद्यार्थ्याच्या मेजावर लॅपटॉप दिसूं लागला आहे. परंतु पाटीचा आणि लॅपटॉपचा एक भेद आहे. पाटी फुटेपर्यंत पाटीच राहत असे. लॅपटॉप मात्र उत्तम चालत असतांनाच जुना ठरविला जातो. कारखानदार दर वर्षा-दोन वर्षांनीं त्याच नांवाची नवी आवृत्ति बाजारांत आणतात, जाहिराती झळकतात, आणि घरांत प्रश्न उभा राहतो : आहे तो देऊन नवा घ्यावा काय? सुखवस्तु घरीं हा हौसेचा प्रश्न असेल. पण ज्या घरचें बिऱ्हाड दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीस निघतें व एका हंगामाच्या कष्टावर वर्षाचा संसार चालवितें, तेथें हा भाकरीच्या हिशेबाचा प्रश्न होय. म्हणून त्याचा विचार शास्त्रानें व अंकगणितानें कसा करावा, हें या लेखांत पाहूं.

प्रथम ‘नवी आवृत्ति’ म्हणजे काय, तें समजून घेऊं. पुष्कळ वेळां यंत्राची काया तीच राहते व आंतील एखादा भाग तेवढा बदलतो. ॲपल कंपनीनें २०२१ मध्यें १४ इंची मॅकबुक प्रोचा जो घाट काढला, तोच घाट ऑक्टोबर २०२५ मध्यें आलेल्या एम५ प्रोसेसरच्या आवृत्तींतही कायम होता. बदलला तो मुख्यतः आंतला मेंदू. हा बदल खरा होता. परंतु कधीं कधीं आंकडा नवा आणि माल जुना, असाही प्रकार घडतो. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ या प्रोसेसरचा क्रमांक सात हजारांच्या मालिकेंतला असल्यामुळें तो अगदीं ताजा वाटतो. पण त्याच्या अंतरंगाची रचना, जिला ‘झेन २’ म्हणतात, ती २०१९ सालची आहे. त्या मालिकेंत क्रमांकाचा तिसरा आंकडा रचनेची पिढी सांगतो. हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला पहिल्याच आंकड्याची भूल पडते. मढीच्या यात्रेंत गाढवांचा बाजार भरतो. तेथें जाणतें गिऱ्हाईक जनावराच्या गळ्यांतील घुंगरांस भुलत नाहीं. तें तोंड उघडून दांत पाहतें. लॅपटॉप घेणाऱ्यानेंही नांवाची पट्टी न पाहतां दांत पाहावे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपला जुना लॅपटॉप मंद वाटतो, एवढ्यावरून नवा घ्यावा कीं नाहीं, हें ठरत नाहीं. तो कोठें अडतो, हें आधीं शोधलें पाहिजे. याचा एक उत्तम धडा विणकामाच्या इतिहासांत आहे. इंग्लंडांत जॉन के यानें १७३३ मध्यें धांवता धोटा काढला. त्यामुळें विणकराचा हात झपाट्यानें चालूं लागला. पण सूत कातणारे हात पूर्वींइतकेच मंद राहिले, आणि मागाला सुताचा तुटवडा भासूं लागला. पुढें १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्ज यानें एकाच वेळीं अनेक चात्या फिरविणारें यंत्र काढलें, तेव्हां ही अडचण हलकी होऊं लागली. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, तेव्हांच्या अहमदनगरांत, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सुधारलेला हातमाग तयार केला. असा माग विकत घेऊं इच्छिणाऱ्या विणकरापुढें तोच प्रश्न असतो : माझें काम मागापाशीं अडतें, कीं सुतापाशीं, कीं विक्रीपाशीं? सूतच वेळेवर मिळत नसेल, तर वेगवान माग नुसता उभा राहील. कोणत्याही साखळीचा वेग तिच्या सर्वांत मंद कडीच्या वेगाहून अधिक होत नाहीं.

लॅपटॉपमध्यें अशा कड्या मुख्यतः तीन आहेत : गणित करणारा प्रोसेसर, चालूं काम धरून ठेवणारी तात्पुरती स्मृति म्हणजे रॅम, आणि सर्व कांहीं कायमचें साठविणारी तबकडी. जुन्या यंत्रांत बहुधा तबकडीच अडते. जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरणारें चाक होय. लॅपटॉपमधील पुष्कळ तबकड्या मिनिटास ५,४०० फेरे घेतात. म्हणजे एका फेऱ्यास ६० ÷ ५,४०० = ०.०१११ सेकंद, अर्थात् सुमारे ११.१ सहस्रांश सेकंद लागतो. हवी ती माहिती वाचणाऱ्या शिरापाशीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ सहस्रांश सेकंद जातो. शीर योग्य वलयावर नेण्यास आणखी सुमारे १२ धरले, तर एका वाचनास १७.६ सहस्रांश सेकंद झाले. समजा, एखादें काम उघडण्यास विखुरलेले ३,००० तुकडे वाचावे लागतात. तर ३,००० × १७.६ = ५२,८०० सहस्रांश, म्हणजे जवळजवळ ५३ सेकंद नुसते वाट पाहण्यांत गेले. आतां जिच्यांत कांहींच फिरत नाहीं, अशी एसएसडी नांवाची तबकडी घ्या. तिला एका वाचनास एक दशांश सहस्रांश सेकंद धरला, तर तेंच काम ०.३ सेकंदांत होतें. प्रोसेसर तोच, पडदा तोच. केवळ एक कडी बदलली.

यावरून विद्यार्थ्यांनीं दुसरी गोष्टही लक्षांत घ्यावी. तबकडी फिरती असतांना प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला, तरी त्या ५३ सेकंदांतून एकही सेकंद कमी होणार नाहीं. कारण तो वेळ गणिताचा नसून चाकाचा आहे. कोणती कडी अडते, हें पाहण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून नेहमींचें काम करीत असतां प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपुढील टक्के पाहावे. डिस्क सतत शंभराजवळ असेल, तर एसएसडी बसवावी. रॅम भरून वाहत असेल, तर ती वाढवितां येते काय, तें दुरुस्ती करणाऱ्यास विचारावें. कांहीं पातळ यंत्रांत ती मूळ पट्टीवरच डाखलेली असते व बदलतां येत नाहीं. प्रोसेसरच सदा शंभरावर असेल, तर मात्र दुरुस्तीचा उपाय खुंटला.

हल्लीं नव्या यंत्रांची एक विशेष जाहिरात होते, ती कृत्रिम बुद्धीची. मायक्रोसॉफ्टनें मे २०२४ मध्यें अशा लॅपटॉपांचा एक वर्ग जाहीर केला. त्यांस किमान १६ जीबी रॅम व सेकंदास ४० लाख कोटी क्रिया करणारा स्वतंत्र गणक-भाग लागतो. यंत्र म्हणून ही प्रगति मोठी आहे. परंतु विद्यार्थी प्रश्न विचारण्यास जी कृत्रिम बुद्धि वापरतात, तिचें बहुतेक काम दूरच्या मोठ्या गणकयंत्रांवर होतें व उत्तर तेवढें जाळ्यावरून येतें. त्यासाठीं जुना लॅपटॉपही पुरतो. निबंध लिहिणें, हिशेबाचे तक्ते मांडणें, व्याख्यानें पाहणें, पायथन भाषेचे आरंभींचे पाठ गिरविणें, यांपैकीं एकाही कामास नवी आवृत्ति आवश्यक नाहीं. जो विद्यार्थी यंत्रांचे वा इमारतींचे त्रिमिति आराखडे काढणार आहे, किंवा चलच्चित्रांचें संपादन शिकणार आहे, त्याची गोष्ट निराळी.

येथवर जुन्याचा पक्ष मांडला. पण जुन्याचा हट्टही घातक असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते, अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात. पहिलें गिऱ्हाईक मिळण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. तो नांगर लांकडी नांगराची सजविलेली आवृत्ति नव्हता. लांकडी नांगरास न साधणारी खोल नांगरट तो करी. नवें साधन जुन्याला न होणारें काम करीत असेल, आणि तें काम आपणांस खरोखर करावयाचें असेल, तर तें नाकारणें ही काटकसर नव्हे.

लॅपटॉपच्या बाबतींत अशी एक निकड सुरक्षिततेची आहे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ मध्यें आली व तिची नेहमींची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. नोंदणी करणाऱ्यांस तेवढी पुढें एक वर्षाची मुदत देऊं केली गेली. विंडोज ११ साठीं इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर व टीपीएम २.० हा सुरक्षा-भाग लागतो. ज्या यंत्रावरून घरच्या बँकेचा व्यवहार होतो, त्यावर सुरक्षा-सेवा बंद झालेली प्रणाली ठेवणें म्हणजे दाराचा अडसर काढून निजणें होय. मात्र येथेंही नवा लॅपटॉप हा एकच मार्ग नाहीं. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात. केरळांतील सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, हें उदाहरण पाहण्याजोगें आहे.

आतां हिशेब करूं. येशूच्या दृष्टान्तांतील बुरूज बांधणाऱ्याप्रमाणें आधीं बसून खर्च मोजणें हेंच शहाणपण होय. समजा, नव्या लॅपटॉपची किंमत ५०,००० रुपये आहे. तो पांच वर्षें चालेल व शेवटीं १०,००० रुपयांस विकला जाईल. म्हणजे वर्षाचा खर्च (५०,००० − १०,०००) ÷ ५ = ८,००० रुपये. जुन्याची आज ८,००० रुपये किंमत येते. त्यास एसएसडी, रॅम व बॅटरी मिळून ९,००० रुपये घातले, तर तो आणखी दोन वर्षें चालेल व मग ३,००० रुपयांस जाईल. येथें पुष्कळ जण चुकतात व ९,००० रुपयेच खर्च धरतात. वस्तुतः आज न विकल्यामुळें सोडलेले ८,००० रुपयेही खर्चच होत. म्हणून वर्षाचा खर्च (९,००० + ८,००० − ३,०००) ÷ २ = ७,००० रुपये. दोहोंत फरक हजाराचाच! तोच जुना दुरुस्तीनंतर एका वर्षांत बंद पडला व ५,००० रुपयांस गेला, तर त्या एका वर्षाचा खर्च १२,००० होतो. उलट ३,००० रुपयांच्या एसएसडीनें काम भागलें व तो दोन वर्षें चालला, तर वर्षाचा खर्च अवघा (३,००० + ८,००० − ३,०००) ÷ २ = ४,००० रुपये. सारांश, थोडक्या दुरुस्तीनें चालणारा लॅपटॉप राखावा. जेथें पडदा, बिजागरी, बॅटरी व पट्टी असें सर्वच खिळखिळें झालें आहे, तेथें जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये. त्यानें फाटणें अधिकच वाढतें.

‘थांबलों तर स्वस्त मिळेल’ हा नियमही सर्वकाळ खरा नसतो. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड केंद्रांकडून स्मृतीच्या चकत्यांस मागणी वाढली व रॅमचे भाव जगभर चढले. म्हणून भावाच्या अंदाजावर निर्णय न बांधतां गरजेवर बांधावा. तसेंच नवी आवृत्ति आली कीं मागील वर्षाची आवृत्ति पुष्कळदां उतरत्या भावानें मिळते; नवा घेणेंच प्राप्त असेल, तर ती अवश्य पाहावी.

राहतां राहिला हप्त्यांचा प्रश्न. रोखीनें ४६,००० रुपयांस मिळणारी वस्तु दरमहा ४,२५० रुपयांच्या बारा हप्त्यांनीं घेतली, तर ५१,००० रुपये पडतात. ‘बिनव्याजी’ असें वर लिहिलें असलें, तरी ५,००० रुपये अधिक गेलेच. मुकादमाची उचल म्हणजे मिळकत नव्हे, तो पुढील हंगामाचा घाम आज खर्ची घालणें होय, हें आपल्या तालुक्यांतील घराघरांस ठाऊक आहे. हप्ता हीही एक उचलच. जें यंत्र हप्ता फिटण्याआधीं शिक्षण वा मिळकत वाढवील, त्यासाठींच ती घ्यावी.

विद्यार्थिमित्रहो, नव्या लॅपटॉपचा हट्ट धरण्यापूर्वीं एका कागदावर चार गोष्टी लिहा : माझें कोणतें काम जुन्या यंत्रावर होत नाहीं, तें कोणत्या कडीपाशीं अडतें, ती कडी बदलण्यास किती खर्च येतो, आणि दोन्ही मार्गांचा वर्षाचा खर्च काय. तो कागद वडिलांपुढें व आईपुढें ठेवा. पालकांनींही हिशेब न पाहतां ‘नाहीं’ म्हणूं नये. मुलाचें काम खरोखर अडलें असेल, तर तें त्या कागदावर दिसेल. आणि नवा घेतलाच, तर जुना अडगळींत टाकूं नका. आंतील खाजगी माहिती पुसून तो धाकट्या भावंडास किंवा गरजू सोबत्यास द्या. अगदींच निकामी असेल, तर तो उकिरड्यावर न फेंकतां अधिकृत संकलकाकडे द्या, कारण त्यांतील शिसें व बॅटरी माती-पाण्यास बाधक आहेत, आणि एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेले ई-कचऱ्याचे नियमही त्यासाठींच आहेत. यंत्राची नवी आवृत्ति दरवर्षीं निघेल. तिच्यामागें धांवणाऱ्याची विद्या मात्र तेवढ्यानें वाढत नाहीं. जुन्या लॅपटॉपवर नित्य दोन तास अभ्यास करणारा विद्यार्थी नव्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या पुढें जातो, हें निश्चित समजावें.