आधी देवाचा वाटा



सोयाबीन विकून हातात पैसा आला की आपल्या घरात त्याची वाटणी कशी होते, हे आपण सर्व जाणतो. पहिली कृषी केंद्राची उधारी. मग सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, दवाखाना आणि नात्यात लग्न निघाले तर आहेर. एवढे होऊन खिशात काही राहिले तर रविवारी अर्पणाच्या थैलीत एखादी नोट पडते. यात कोणी वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु देवाला आपण उरलेल्यातले देतो, ही गोष्ट खरी आहे.

पवित्र शास्त्रात हा क्रम उलटा आहे. अनुवाद ग्रंथाचा २६ वा अध्याय घरी अवश्य वाचावा. इस्राएली शेतकरी शेतातील प्रथमफळ टोपलीत घालून याजकापुढे येतो. तेथे तो आपल्या दानाचे वर्णन करीत नाही. आमचे पूर्वज भटके होते, मिसर देशात गुलाम होते, प्रभूने आम्हांला सोडवून ही भूमी दिली, अशी आपल्या लोकांची कहाणी तो सांगतो. म्हणजे ती टोपली कराची पावती नसून आठवण आहे. दुसरी गोष्ट अशी की पहिले फळ आणतो तेव्हा बाकीचे पीक अजून रानातच उभे असते. ते घरात येईलच याची हमी नसते. अवकाळी पाऊस आणि गारपीट पाहिलेल्या मेहकरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आधी दिलेले शंभर रुपये आणि शेवटी उरलेले शंभर रुपये यांची किंमत बाजारात एकच आहे. पण पहिल्याला विश्वास लागतो, दुसऱ्याला लागत नाही.

येथे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "फादर, दशांश दिला तर देव दुप्पट देतो म्हणतात, खरं का?" काही सभांतून मलाखीच्या ३ ऱ्या अध्यायाचा आधार घेऊन असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. देवाकडे व्याजाने पैसा ठेवायचा असेल तर ती भक्ती नव्हे, सौदा झाला. राजांच्या पहिल्या ग्रंथात (अध्याय १७) सारफथची विधवा मूठभर पिठातून आधी एलिया संदेष्ट्याला भाकर करून देते. पुढे काय होते? तिचे कोठार भरत नाही. मडक्यातले पीठ संपत नाही, एवढेच. रोजच्याला रोज पुरते. आणि त्याच अध्यायात पुढे तिचा मुलगा आजारी पडून मरण पावतो. एलियाच्या प्रार्थनेने तो उठला खरा, पण दुःख तिच्या दाराशी आले नाही असे शास्त्र म्हणत नाही.

मग किती द्यावे? आजची ख्रिस्तसभा दहावा हिस्सा सक्तीने मागत नाही. आपापल्या ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावावा, असे धर्मशिक्षण सांगते. तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात राहिला. औदार्य रकमेवरून नव्हे तर देणाऱ्याच्या मिळकतीच्या मानाने मोजावे, असे तो मानतो. संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातात. स्वतःच्या व लेकराबाळांच्या जगण्याला जे अत्यावश्यक आहे, त्यातून साधारणपणे दान देऊ नये असे ते शिकवतात. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. म्हणून स्पष्ट लिहितो : सावकाराकडून किंवा बचत गटातून पैसे उचलून कोणीही अर्पण करू नये. आणि हात रिकामा म्हणून मिस्साला यायचे टाळू नये. थैली समोर आली की काही जण मान खाली घालतात, ते पाहून मला वाईट वाटते. थैली पुढे जाऊ द्या, तुम्ही मात्र या.

थोड्यातून काय उभे राहते याचे उदाहरण आपल्या अंगणापर्यंत आलेले आहे. फ्रान्समधील लिओन शहरात पोलीन जारिको नावाची तरुणी होती. रेशीम गिरणीतील कामकरी बायांना तिने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी हलके नाणे, मिशनकार्यासाठी बाजूला ठेवायला शिकवले. दहा जणांचा एक गट, त्यातील एकाने गोळा करायचे, अशा दहा गटांवर पुन्हा एक प्रमुख. यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली व जगभरच्या मिशनांना मदत जाऊ लागली. आपल्या भागात सुवार्ता घेऊन आले ते फ्रान्सकडीलच मिशनरी. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि त्यातून १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत. पोलीनबाईंचे शेवटचे दिवस मात्र कर्जात व गरिबीत गेले. १८६२ साली त्या वारल्या आणि २०२२ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. ऑक्टोबरात मिशन रविवारी आपण जे देतो, ते त्याच झऱ्याचे पाणी आहे.

आता माझ्याच बाजूचे थोडे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातील दोन दमड्या टाकणारी विधवा आपण नेहमी ऐकतो. पण त्याच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने खडसावले आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, ते उगाच नव्हे. गरीब बाईने विश्वासाने दिले असेल तर ते सांभाळणाऱ्यांचे ओझे दुप्पट होते. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असली पाहिजे, ज्या कामासाठी दान आले त्याच कामाला ते लागले पाहिजे आणि अर्पणाचा हिशेब भाविकांना दिला गेला पाहिजे. विचारणाऱ्याने संकोच करू नये. हिशेब मागणे हा अविश्वास नाही.

पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितले होते की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरी थोडे बाजूला काढून ठेवावे. घरी, म्हणजे कोणी पाहत नसताना. मिझोराममधील ख्रिस्ती घरांतून आजही भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळे काढतात. आपल्याकडे ज्वारीची मूठ असो, एक रुपया असो वा आजारी शेजाऱ्याकडे जाण्यासाठीचा एक तास असो. पीठ मळण्याआधी तो काढून ठेवावा आणि मुलांच्या हातून ठेवून घ्यावा. रविवारी आणताना पाकिटावर नाव लिहिण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी या महिन्यात खरोखर अडचण आहे त्यांनी मला एकांतात भेटावे. गोळा झालेल्या धान्यातून आधी त्यांच्या घरी जाईल.

तुमचा धर्मगुरू