महारोहिणीचा जन्मजात संकोच : स्टेंट बसविल्यानंतरची दक्षता

हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पुरविणारी महारोहिणी काही बालकांत जन्मतःच एका ठिकाणी अरुंद असते. डाव्या हाताकडे जाणारी रोहिणी जेथे फुटते, त्याच्या लगत पुढे हा संकोच बहुधा आढळतो. त्यामुळे हातांतील रक्तदाब वाढतो व जांघेतील नाडी क्षीण लागते. अरुंद भाग कापून टोके जोडण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी १९४४ साली स्टॉकहोम येथे केली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जांघेतून नलिका सरकवून धातूच्या जाळीची नळी, म्हणजेच स्टेंट, फुग्याने फुगवून बसविण्याची पद्धत रूढ झाली.

छाती उघडावी लागत नसल्याने रुग्ण लवकर घरी येतो आणि रोग कायमचा गेला असा घरच्यांचा समज होतो. हा समज घातक आहे.

फुग्याच्या ताणाने महारोहिणीची भिंत दुबळी होऊन पुढे काही काळाने तेथे फुगवटा येऊ शकतो. तो बहुधा दुखत नाही. म्हणून प्रकृती ठणठणीत वाटत असतानाही सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. तपासणी टाळू नये. असा फुगवटा आढळल्यास कृत्रिम पटलाचे आच्छादन असलेला दुसरा स्टेंट आत बसवितात. रक्ताचा दाब मग दुबळ्या भिंतीवर पडत नाही. मात्र त्या आच्छादनाने डाव्या हाताच्या रोहिणीचे मुख झाकले जाणार नाही, हे आधी पाहावे लागते. हा उपाय शक्य नसेल तेथे शस्त्रक्रिया करतात.

मूल वाढते, स्टेंट वाढत नाही. त्यामुळे काही वर्षांनी तो मोठ्या फुग्याने पुन्हा रुंदावणे हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते. त्यात पहिला उपचार फसला असे नव्हे. जाळीची तार तुटल्यास क्ष-किरण चित्रात दिसते. मार्ग अरुंद झाला असेल तर आत दुसरा स्टेंट घालतात, अन्यथा केवळ लक्ष ठेवतात.

छातीत वा पाठीत अकस्मात तीव्र वेदना झाल्यास भिंत चिरल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. उपचारानंतर लगेच जांघेत सूज वाढली किंवा पाय थंड पडला, तरी विलंब नको.

संकोच दूर झाल्यावरही अनेकांचा रक्तदाब चढाच राहतो, विशेषतः उपचार उशिरा झाला असल्यास. औषधे परस्पर बंद करू नयेत. रक्तदाब उजव्या हातात मोजावा व पायातील दाबाशी ताडून पाहावा. हातातील दाब २० मिलिमीटर वा अधिक जास्त भरल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. शाळेत अशा मुलास जड वजन उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. तरुणींनी गर्भधारणेपूर्वी महारोहिणीची तपासणी करून घ्यावी. स्टेंटचा आकार व तारीख नोंदलेला रुग्णालयाचा कागद घरात जपून ठेवावा. पुढील डॉक्टर प्रथम तोच मागतात.